पारव्याचा फुगा

खलनायकांची नवी टोळी हातात आली की पेंटर आधी तिला होडीत बसवून बघत. पानाच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीने एक होडी काढायची, आणि मग चित्रातल्या एकेका दुष्टाकडे निरखून बघत त्याची जागा ठरवायची. हा सुकाणूपाशी. ही जाळं ओढायला. हा धिप्पाड नुसता ओरडतो, त्याला इंजिनाजवळ बसवू, तिथं तसंही कुणाला काही ऐकू येत नाही. सगळे बसले की चष्मा कपाळावर सारून ते होडीकडे बघत राहत आणि बहुतेक वेळा एकच निकाल देत.

"सगळे नाखवेच हायत. खलाशी कोनच न्हाय. ही बुडनार."

आणि टोळी बुडायचीच. साधारण शेवटून तिसऱ्या पानावर, एखादा सुपरहीरो छत फोडून आत आला की.

हे सगळं भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकच्या अलीकडच्या एका औद्योगिक गाळ्यात चालायचं. खालच्या मजल्यावर स्टीलचे डबे बनत आणि वर आम्ही परदेशी चित्रकथांच्या मराठी आवृत्त्या तयार करत असू. आम्ही म्हणजे चौघं. हक्क विकत घेणारे शेठ, संगणकावर पानं जुळवणारा ऑपरेटर, भाषांतर करणारी मी, आणि फुग्यांमधली अक्षरं हाताने काढणारे पेंटर. पात्राच्या डोक्यापाशी जो पांढरा फुगा असतो, आणि ज्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेली असते, त्या फुग्यावर आमचं पोट होतं. मराठीला वर वेलांटी लागते, खाली उकार लागतो. परदेशी फुग्यात ती मावत नाही. म्हणून ऑपरेटर मूळ फुगे पुसून टाकी, आणि पेंटर ट्रेसिंग पेपरवर नवे फुगे, नव्या शेपट्या आणि आतली अक्षरं काढत.

संगणकात अक्षरं तयार मिळत असताना हाताने कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. शेठ म्हणाले, "फॉन्ट में सब विलन एक जैसा बात करता है. पेंटर का चोर चोर जैसा बोलता है. तू खुद देख."

मी बघितलं. टोळीच्या म्होरक्याची अक्षरं ओली होती, शाई नुकतीच ओघळल्यासारखी. एका बाईची अक्षरं कोरड्या कुंचल्याने काढलेली, कडा खाल्लेल्या, गंजक्या पत्र्यासारख्या. सुपरहीरोंची मात्र सगळ्यांची एकसारखी, सुबक, गोल. मी कारण विचारलं तर पेंटर म्हणाले, "त्यांना एकाच मास्तरनं शिकवलंय. त्यांना काय, शाबासकी भेटली की झालं."

पेंटर उत्तनचे. ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातले. बापापासून होड्यांवर नावं रंगवायचं काम, म्हणून पेंटर. त्यांच्या गावात आणि आमच्या गाळ्यात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांवर त्यांचं अक्षर होतं. ते रोज सकाळी बसने स्टेशनपर्यंत येत, पश्चिमेहून पूर्वेला चालत ओलांडत, आणि गाळ्यात आले की चपला दाराशी सरळ, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवत. निघताना उशीर व्हायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बोली मला जशीच्या तशी लिहिता येत नाही. तिच्यातली लय कानात आहे, कागदावर उतरत नाही. वाचणाऱ्या उत्तनकरांनी मला माफ करावं.

आवाजाच्या शब्दांसाठी ते फार हट्ट करत. मूळ पानावर स्फोट असेल तर मी आपलं 'धडाम' लिहून मोकळी होई. पेंटर खाली डब्यांच्या कारखान्यात जात आणि तिथल्या माणसाला म्हणत, "जरा ते मोठं झाकन पाड बघू. न्हाय, तसं न्हाय. हातातनं सुटल्यासारखं पाड." मग वर येऊन डोळे मिटून बसत आणि 'ठ्ठाणण्ण' असं काहीतरी काढत, ज्यातला शेवटचा ण पानाच्या कडेपर्यंत थरथरत जाई. खालची माणसं त्यांना वेडा म्हणत, आणि झाकणं पाडत.

कुणी मरणार असलं, मग तो कितीही दुष्ट असो, त्याची शेवटची किंकाळी काढण्याआधी ते छातीवर क्रूस करत. ऑपरेटर एकदा हसला. "अंकल, कागज का आदमी है."

"व्हय," पेंटर म्हणाले, "पन वरडनार मी हाय."

आमच्या मालिकेतल्या टोळीला मराठी नाव द्यायचं होतं. मी 'अंधकार महासंघ' असं लिहून दिलं. मी मराठीची एम.ए.; मला तेव्हा असले शब्द आवडत. पेंटरनी कुंचला खाली ठेवला.

"महासंघ म्हनजे युनियन, बाय. युनियनवाले एकामेकाला धरून असतात. ही मानसं एकामेकाच्या ताटात थुंकतील. मंडळ लिव. मंडळात भांडनं असतात."

म्हणून ते काळोख मंडळ झालं. मुख्य काजळनाथ, त्याच्या सावलीत कुणी सापडला की स्वतःचं नाव विसरे. मग गंजराणी, तिचं बोट लागलं की लोखंडाचा भुगा होई. भूकंप नावाचा एक धिप्पाड. आणखी पाचजण. आणि सगळ्यांत शेवटी, चित्राच्या कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला एक किडकिडीत इसम, खांद्यांवर कबुतरं घेतलेला. त्याला मी पारवा म्हटलं. शहरातली कबुतरं त्याचं ऐकत, एवढीच त्याची शक्ती. मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीत त्याला पहिल्याच आठवड्यात लेखी नोटीस मिळाली असती.

पेंटरनी मंडळाला होडीत बसवलं. काजळनाथ, गंजराणी, भूकंप. तेच ते, सगळे नाखवे. मग पारव्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी त्याला होडीच्या तळाशी बसवलं, जिथे बसून आत आलेलं पाणी बाहेर फेकतात.

"हा खलाशी," ते म्हणाले. "ह्याला कोनी बोलू देत न्हाय, बघ. आठ अंकांची चित्रं बघितली, फुगाच न्हाय."

मी त्या गाळ्यात आले तेव्हा पेणकरपाड्यात एका खोलीत भाड्याने राहत होते. नवऱ्याचं घर सोडून आले होते. कारणं इथे लिहीत नाही. ती फार वेगळी नव्हती. माहेरी सांगितलं होतं की मला चांगली नोकरी आहे, कायमची. खरं तर शेठनी सहा महिने बघू म्हटलं होतं. ही नोकरी गेली असती तर मला माहेरी जावं लागलं असतं, आणि माहेरची माणसं चार दिवस ठेवून मला त्याच घराच्या दारात पोचवून आली असती. भाऊ तसं म्हणालाही होता. त्या काळात मी कामापुरतं बोलत असे. कुणी हाक मारली की दचकत असे.

पेंटरनी मला एकही प्रश्न विचारला नाही. दुपारी डबा उघडला की त्याच्या झाकणात अर्धं कालवण आणि दोन तांदळाच्या भाकऱ्या काढून माझ्याकडे सरकवत. मी नको म्हटलं की म्हणत, "होडीवर नव्या मानसाला आदी जेवाया घालतात. मग काम सांगतात. न्हायतर तो पान्यात बघत बसतो."

एकदा गंजराणी हसते असा एक फुगा होता. पेंटरनी मला बोलावलं. "बाईचं हसनं मना येत न्हाय. तू हस बघू जरा."

मला हसता आलं नाही. मी प्रयत्न केला, घशातून कसला तरी आवाज निघाला. ते म्हणाले, "राहू दे. घाई न्हाय," आणि तो फुगा कोरा ठेवून पुढे गेले. अंक छापायला जायच्या दिवशी त्यांनी तिथे कसलंसं ठरावीक 'हा हा हा' भरलं. ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

टोळ्या का हरतात यावर त्यांचं एक ठाम मत होतं. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण पुढच्या अंकांची चित्रं ते आधीच मागून घेत आणि बघून ठेवत. "तुला वाटतं हिरोमुळं हरतात? हिरो तर एकटा येतो. हे नऊ. नऊ मानसं एकाला आवरतील की. पन पकडले गेले की बघ काय करतात." त्यांनी मला एक चित्र दाखवलं. साखळदंडात बांधलेले सगळे दुष्ट, आणि प्रत्येकाचं बोट शेजारच्याकडे. "हे बोट. ह्या बोटानं होडी बुडते."

मंडळाच्या मोठ्या बैठकीचा अंक आला तेव्हा माझे सहा महिने संपायला दोन महिने होते. एका पानभर चित्रात गोल टेबलाभोवती नऊच्या नऊ खलनायक, आणि तेरा फुगे. माझं काम असं असे की चित्राच्या प्रतीवर प्रत्येक डोक्यापाशी पेन्सिलीने आकडा घालायचा आणि त्या आकड्यासमोर वाक्य लिहून द्यायचं. पेंटर आकडा बघून शेपटी वळवत. त्यांनी माझा आकडा कधीच पडताळला नाही. खलाशी नाखव्याला दिशा विचारत नाही, असं म्हणत.

त्या दिवशी सकाळी भावाचा फोन येऊन गेला होता. सात आणि आठ या आकड्यांची मी अदलाबदल केली.

अंक छापून दुकानांत गेला. काजळनाथ, ज्याची सावली पडली की माणूस नाव विसरतो, तो टेबलाच्या मधोमध उभा राहून, डोळ्यांतून धूर काढत, ओल्या ओघळत्या अक्षरांत विचारत होता, "आणि माझी कबुतरं? त्यांना कोण दाणे घालणार?"

आणि कोपऱ्यातला अर्धा कापलेला पारवा त्याच्या बारीक अक्षरांत सगळ्यांना सांगत होता, "आपल्यातला जो पकडला जाईल, त्याला सोडवायला बाकीचे सगळे येतील."

वाचकांना ते फार आवडलं. पत्रं आली, फोटो काढून लोकांनी एकमेकांना पाठवले. पण ज्यांच्याकडून हक्क घेतले होते त्यांना आवडलं नाही. त्यांच्या मुख्य खलनायकाचा आम्ही विदूषक केला होता. खरमरीत पत्र आलं, आणि शेठनी आम्हाला टेबलाभोवती बसवलं. गोल नव्हतं, पण बसलो तसेच.

"किसने किया?" शेठनी विचारलं. त्यांच्यासमोर छापील पान होतं. माझ्या आकड्यांची प्रत पेंटरच्या ट्रेसिंगच्या गठ्ठ्यात होती. ती काढून बघितली असती तर एका मिनिटात कळलं असतं.

मला बोलायचं होतं. हे मी आज लिहिते आहे म्हणून नव्हे. खरंच तोंड उघडलं होतं. आणि मला माझ्या भावाचा चेहरा दिसला, आणि ते दार दिसलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"शेपटी कोन काडतो?" पेंटर म्हणाले. "मीच ना. मी वळवली."

"गलती से?"

"न्हाय. मुद्दाम."

शेठनी विचारलं, "मुद्दाम? जानबूझके? क्यूं?"

"पारव्याला कोनी बोलूच देत न्हाय," पेंटर म्हणाले. "मना बरं वाटत नव्हतं."

चूक असती तर शेठनी माफ केली असती, मला आजही वाटतं. पण मुद्दाम म्हटल्यावर त्यांना काही करणं भागच होतं. पेंटरनी ते शब्द त्यासाठीच निवडले होते, म्हणजे पुढे कुणी काही तपासणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कुंचले वर्तमानपत्रात गुंडाळले. आकड्यांची प्रत घडी करून खिशात घातली. दाराशी चपला बाहेर तोंड करून तयारच होत्या. पुढच्या अंकापासून आमची सगळी पात्रं फॉन्टमध्ये बोलू लागली आणि श्रेयनामावलीतून पेंटरचं नाव निघालं. तीन आठवड्यांनी मला कायम केलं.

मी दोन रविवार घालवले आणि तिसऱ्या रविवारी उत्तनला गेले. पेंटर किनाऱ्यावर एका होडीच्या कुशीला टेकून बसले होते, निळ्यावर पिवळं नाव काढत. मी उभ्या उभ्या सगळं पाठ केल्यासारखं बोलून टाकलं. उद्याच शेठना सांगते, म्हटलं.

"कशाला?"

"चूक माझी होती, काका."

"ते मना म्हाईत हाय. पेन्सिल तुझी हाय." त्यांनी मान वर केली नाही. "कबूल करनं हिरो लोकांचं काम, बाय. आपन मंडळातले. पकडला गेला तो गेला. बाकीच्यांनी काय करायचं?"

"सोडवायला जायचं," मी म्हटलं. वाक्य माझंच होतं, मीच भाषांतर केलेलं.

"मग आलीस की तू." त्यांनी मला कुंचला दिला. "ह्या अक्षराचं पोट भर. बाहेर जाऊ नको."

मी रंग भरू लागले. थोड्या वेळाने ते आपल्याशीच म्हणाले, "काय म्हनला तो काजळनाथ? माझ्या कबुतरांना कोन दाने घालनार?" आणि मला एकदम हसू फुटलं. वर्षभर न आलेलं, पोटातून, कुंचला हातातून निसटून वाळूत पडला. पेंटर चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघत होते.

"हे," ते म्हणाले. "हे गंजरानीचं हसनं. आदी का न्हाय दिलंस?"

त्यानंतर महिन्यातून एखादा रविवार मी तिथे जात राहिले, आठ वर्षं. त्यांनी मला अक्षराचं पोट, पाठ आणि पाय शिकवले. होडीवरचं अक्षर दुरून येणाऱ्या माणसाला वाचता आलं पाहिजे, कारण घरची माणसं किनाऱ्यावरून तेच शोधतात, एवढा एकच नियम. त्यांच्या बायकोने, जिला मी आंटी म्हणते, मला दरवेळी पिशवी भरून सुकी मासळी दिली. शेठनाही दरवर्षी ईस्टरला पेंटरकडून सुके बोंबील जात. का, ते मी कधी विचारलं नाही. शेठबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता, एवढं त्यातून समजत होतं.

शेठना मी मात्र काही सांगितलं नाही. पेंटरनीच नको म्हटलं होतं, असं मी स्वतःला सांगत असे. ते खरं होतं आणि सोयीचंही होतं.

यंदा मालिकेचे सगळे अंक एकत्र करून एक जाड पुस्तक काढायचं ठरलं. मी श्रेयनामावली तयार केली. त्यात माझं नाव पहिलं होतं. पहिले बारा अंक पेंटरच्या हातचे, त्यांची अक्षरं तशीच राहणार होती, फक्त बैठकीचं पान दुरुस्त करायचं होतं. मी त्यांचं नाव घातलं. शेठनी लाल पेनाने काटलं.

"उसने जानबूझके बिगाड़ा था," ते म्हणाले. "भूल गयी तू?"

पेंटर तेव्हा घरीच असत. छातीने दगा दिला होता, चार पावलं चालले की दम लागे. मी शेठच्या टेबलासमोर उभी होते. आता मला कुणी कुठल्या दारात पोचवणार नव्हतं; खोलीही स्वतःची होती.

"चूक त्यांची नव्हती," मी म्हटलं. "सात आणि आठ मी उलटे घातले होते. ते मुद्दाम म्हणाले, ते माझ्यासाठी."

खाली डब्यांचा आवाज चालू होता.

"आठ साल," शेठ म्हणाले. "आठ साल तू मेरे सामने बैठके..." मग थांबले. चष्मा काढून पुसला. "और वो आदमी मुझे हर साल मच्छी भेजता है. मैं तो खाता भी नहीं. वॉचमन को देता था." त्यांनी माझ्याकडे न बघता कागद ओढला आणि काटलेल्या नावाच्या वर तेच नाव पुन्हा लिहिलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तेवढं मला मिळायलाच हवं होतं.

मी पानं घेऊन उत्तनला गेले. पेंटर ओटीवर खुर्चीत बसले होते. काय केलं ते सांगितल्यावर त्यांनी डोळे बारीक केले.

"कबूल केलंस? हिरो झालीस व्हय?"

"झाले."

"आता तुझं अक्षर गोल होनार." पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि तो ते सोडत नव्हते.

मी त्यांना बैठकीचं दुरुस्त पान दाखवलं. वाक्यं आपापल्या जागी गेली होती. मला वाटलं होतं ते हळहळतील. खरं सांगायचं तर मी जुनं पान ठेवण्याबद्दल शेठशी भांडायच्या तयारीने आले होते. पेंटरनी पान जवळ घेतलं, लांब धरलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "सोडवायला येऊ, हे काजळनाथच बोलनार. त्याला यायचं नसतं ना." मग त्यांनी शेवटच्या अंकाची पानं मागितली, आणि त्यातलं एक चित्र काढून माझ्यापुढे ठेवलं. मंडळ तुरुंगात. काजळनाथ केव्हाच पळालेला. आणि उंच खिडकीच्या गजांत एक कबुतर, चोचीत किल्ली. त्या चित्रात एकही फुगा नव्हता. मी त्या पानाचं भाषांतर केलं होतं, म्हणजे काहीच केलं नव्हतं. भाषांतराला काही नव्हतंच म्हणून नीट बघितलंही नव्हतं. पेंटरनी ते आठ वर्षांपूर्वी बघून ठेवलेलं होतं. बैठकीच्या अंकाच्याही आधी.

श्रेयनामावलीचं पान बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. नाव फॉन्टमध्ये होतं. "हे माझं न्हाय," ते म्हणाले. मी पेन पुढे केलं. त्यांनी स्वतःचा हात वर धरून मला दाखवला. बोटं वाऱ्यावरच्या कागदासारखी हलत होती. "जन्मभर दुसऱ्यांची नावं काडली. आपलं काडायला बसलो तर हे. तू काड. शिकवलंय की."

मी ओटीवर बसून त्यांचं नाव काढलं. नऊ वेळा काढलं. आठ वेळा ते "पोट कुठाय?" किंवा "हा पाय लंगडतो" म्हणाले. नवव्यांदा त्यांनी पान हातभर लांब धरलं, समुद्राकडून बघावं तसं.

"चालंल," ते म्हणाले. "तरंगंल."

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि त्याच आठवड्यात पेंटर गेले. चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून मी खाली खाडीतल्या नव्याने रंगवलेल्या होड्या बघत होते. लांबून सगळी नावं वाचता येत होती.

पुस्तक आलं ते त्यांच्या महिन्याच्या मिसाच्या, म्हणजे त्यांच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेच्या, आदल्या दिवशी. शेठनी स्वतःची गाडी दिली आणि पहिली प्रत आंटींना द्यायला सांगितलं. आंटींनी हात पुसून पुस्तक घेतलं, येशूच्या तसबिरीखाली उजेडात नेलं आणि पहिलं पान उघडलं. नावावरून बोट फिरवत राहिल्या. डोळे भरले होते.

"त्यांनीच काडलं ना गं हे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ती बाई त्या अक्षरावर बोट ठेवून उभी होती, आणि मी गप्प बसण्यात पटाईत आहे.

"नाही, आंटी," मी म्हटलं. "मी काढलंय. ते बघत होते."

आंटींनी पुस्तक जरा लांब धरलं, अगदी त्यांच्यासारखंच.

"तरी म्हनलं," त्या म्हणाल्या, "त्यांची वेलांटी येवढी वाकडी न्हाय." आणि पदराने डोळे टिपत झाकणात माझ्यासाठी कालवण काढायला आत गेल्या.